एका ठिपक्यात एक गुंठा



"भूगोलाच्या तासाला सर पोरांना लढाईचे फोटो दाखवतात म्हणे," ही गोष्ट आपल्या साखरा गावात बऱ्याच घरी पोचली आहे. कुणी बाजारात विचारलं, कुणी शाळेच्या फाटकापाशी गाठलं. एका मावशींनी तर स्पष्टच सांगितलं, "सर, आमची पोरगी आधीच भित्री. तिला रात्री झोप लागली नाही तर आम्ही काय करायचं?" पोटतिडकीनं विचारलेला प्रश्न आहे. पालकसभेत उभ्या उभ्या उत्तर देऊन तो मिटणार नाही, म्हणून तुम्हा पालकांना जरा निवांत लिहितो आहे.

आधी एक खुलासा. ही चित्रं टीव्हीवरच्या बातम्यांतली नाहीत. सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांनी ती टिपलेली आहेत. त्यांत रक्त नाही, प्रेत नाही, आक्रोश करणारा चेहरा नाही. दिसतात ती शेतं, नद्या, रस्ते, धरणं आणि छपरं. युद्ध येऊन गेल्यावर त्या जमिनीचं काय झालं, एवढंच आम्ही त्यांत शोधतो. आणि परमुलखातली जमीन वाचायची तर आधी स्वतःची वाचता यायला हवी, म्हणून सुरुवात साखऱ्याच्या शिवारापासून केली.

युरोपीय अवकाश संस्थेचे 'सेंटिनेल-२' नावाचे उपग्रह आहेत. पहिला २०१५ साली सोडला, दुसरा २०१७ साली. जोडीनं फिरणाऱ्या या उपग्रहांमुळे साधारण दर पाच दिवसांनी आपल्या भागाचं नवं चित्र मिळतं आणि ते कुणालाही फुकट पाहता येतं. त्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा. म्हणजे शंभर चौरस मीटर. हे फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्ग ढिम्म. मग विचारलं, "गुंठा म्हणजे किती रे?" शंभर चौरस मीटरला किंचित जास्त. म्हणजे एका ठिपक्यात जवळपास एक गुंठा आणि चाळीस ठिपक्यांत एक एकर. एवढं कळल्याबरोबर वर्गात गलका उठला. "सर, आमचं अडीच एकर म्हणजे शंभर ठिपके!" क्षेत्रफळाचा धडा त्या दिवशी वेगळा शिकवावा लागला नाही.

उपग्रहाला आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही टिपता येतात. जोमदार हिरवं पान हे किरण भरपूर परत फेकतं. चित्र तयार करताना त्या किरणांना लाल रंग दिला, की उभं पीक लालभडक दिसतं आणि मोकळं रान करडं-निळसर. ऑक्टोबरअखेरच्या चित्रात सोयाबीन काढलेली रानं अशीच करडी पडली होती आणि त्यांच्या मधोमध लाल पट्टे उठून दिसत होते. पण त्यातली हळद कोणती, तूर कोणती, कपाशी कोणती, हे मुलांना काही केल्या सांगता येईना. म्हणून चित्राची छापील प्रत घरी दिली. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या प्रतीवर पेन्सिलीनं लिहून आलं होतं : "आई म्हणते ही हळद नाही, पऱ्हाटी आहे. विहिरीचं पाणी कमी झाल्यापासून या तुकड्यात हळद घेत नाहीत."

हे वाक्य मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. पीक उभं आहे एवढं उपग्रहानं सांगितलं. कुठलं पीक आहे आणि पूर्वीचं का बंद झालं, हे त्या माउलीनं सांगितलं. जगातले मोठमोठे शास्त्रज्ञही असंच करतात. वरून घेतलेलं चित्र खरं बोलतं की नाही, हे पडताळायला कुणाला तरी त्या रानात प्रत्यक्ष उभं राहावं लागतं. ई-पीक पाहणीच्या वेळी तुम्ही शेतात जाऊन मोबाइलवर पिकाचा फोटो काढता, तेही याच जातीचं काम आहे.

पुढचा धडा येलदरीचा. आपल्या तालुक्याला लागून असलेला पूर्णेवरचा हा जलाशय मुलांच्या ओळखीचा. दुष्काळी वर्षाच्या मे महिन्यातलं एक चित्र आणि भरल्या वर्षातलं दिवाळीनंतरचं दुसरं, अशी दोन्ही शेजारी ठेवली. फुगवट्याच्या कडा किती मागे गेल्या, उघड्या पडलेल्या गाळपेऱ्यात काय दिसतं, कालव्याच्या पाण्यावरची रानं कुठं वाळली, हे मुलांनी पारदर्शक कागदावर गिरवून काढलं. धरणाचं पाणी हटलं की काय काय हटतं, हे त्यांना आपल्याच मुलखात दिसलं आणि मगच आम्ही युक्रेनला गेलो.

युक्रेनमधल्या नीपर नदीवर काखोव्का नावाचं धरण होतं. ६ जून २०२३ रोजी, युद्ध चालू असताना, ते फुटलं. त्याचा जलाशय दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठा होता, म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या निम्म्याला थोडा कमी. फुटण्याआधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं तेव्हा मुलांना काही समजावून सांगावं लागलं नाही. खाली खेरसोन शहराकडची गावं पाण्यात, आणि वर मैलोगणती नुसता चिखल. "सर, त्या धरणाच्या कालव्यावरच्या लोकांनी पुढं पेरलं काय?" हा पहिला प्रश्न. शहरातल्या मुलानं कदाचित पुलाबद्दल विचारलं असतं. आपल्या पोरांना पेरणी आठवली. पुढच्या वर्षीच्या चित्रांत त्या जलाशयाचा तळ हिरवागार दिसतो. एक जण खूश होऊन म्हणाला, "म्हणजे तिथं पीक आलं!" ते पीक नव्हतं. गाळावर आपोआप रुजलेल्या वाळुंज जातीच्या झाडांचं रान होतं. हिरवं दिसलं म्हणजे सगळं चांगलं झालं असं नसतं, हेही मुलं तिथंच शिकली.

तुम्ही म्हणाल, कुठं युक्रेन आणि कुठं साखरा. पण २०२२ साली त्या युद्धाला तोंड फुटलं तेव्हा सूर्यफूल तेलाचे भाव कसे भडकले, ते घरातल्या बायाबापड्यांना पक्कं आठवत असेल. आपल्या देशात येणारं सूर्यफूल तेल सर्वांत जास्त युक्रेनमधून यायचं. खताच्या बाजारालाही त्या युद्धाचा झटका बसला. डॉक्टरकी शिकायला तिकडं गेलेली हजारो भारतीय मुलं 'ऑपरेशन गंगा'तून परत आणावी लागली. त्यांत मराठवाड्यातलीही होती. युद्धाची झळ इतक्या लांबून आपल्या चुलीपर्यंत येते. तर ज्यांच्या बांधावर ते चालू आहे त्यांचं काय होत असेल, हा प्रश्न मुलांना पडायलाच हवा.

शेतकऱ्याच्या पोराला तो लवकर पडतो. सुरुंग पेरलेल्या रानात नांगर घालता येत नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचे संशोधक युक्रेनमधली अशी पडीक राहिलेली शेतं उपग्रहाच्या चित्रांवरून शोधतात. पेरलेल्या रानाचा रंग पेरणी, वाढ, कापणी या क्रमानं बदलत जातो. पडीक रानात तण माजतं आणि त्याचं वेळापत्रक वेगळं असतं. हा फरक तुम्ही बांधावर उभं राहून एका नजरेत सांगाल. तेच काम ते लोक हजारो किलोमीटरांवर बसून करतात.

आणि ही पडीक कधी कधी पिढ्यान्‌पिढ्या राहते. फ्रान्समध्ये व्हर्दन नावाच्या ठिकाणी १९१६ साली फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत लढाई चालली. त्या टापूतली नऊ गावं पार पुसली गेली. त्यांतली सहा पुन्हा वसलीच नाहीत. जमिनीत इतके तोफगोळे आणि इतकं विष मुरलं, की सरकारनं तिथं शेती बंद करून झाडं लावली. आता शंभर वर्षं उलटून गेली, तरी आसपासच्या शेतांत नांगरताना गोळे वर येतात. साध्या उपग्रह चित्रात तिथं फक्त दाट जंगल दिसतं. मुलांना मी आधी काहीच सांगितलं नाही, नुसतं विचारलं, "इथं काय असेल?" सगळ्यांचं उत्तर, "अभयारण्य." मग त्या गावांची गोष्ट सांगितली.

उलटी उदाहरणंही दाखवतो, कारण मुलांच्या मनावर नुसता काळोख टाकायचा नाही. व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह शहराजवळ कान जो नावाचं खारफुटीचं जंगल आहे. १९६०च्या दशकात अमेरिकी विमानांनी विषारी औषध फवारून ते मारलं. तुम्ही तणनाशक मारता तेव्हा दोन दिवसांत पान कसं पिवळं पडतं ते मुलांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे हे त्यांना चटकन उमगलं. युद्ध संपल्यावर तिथल्या लोकांनी १९७८पासून रोपं लावायला घेतली. २००० साली युनेस्कोनं त्या जंगलाला जीवावरण राखीव क्षेत्राचा मान दिला. इराकच्या दक्षिणेकडच्या पाणथळींचंही तसंच. तिथल्या राजवटीनं १९९१नंतर पाणी अडवून त्या वाळवल्या, २००३नंतर लोकांनी बांध फोडून पुन्हा पाणी सोडलं. सगळं परत आलं नाही, बरंच आलं. अमेरिकेचे 'लँडसॅट' उपग्रह १९७२पासून चित्रं घेत आहेत, म्हणून हा चढउतार आज आपल्याला शाळेत बसून पाहता येतो.

युद्धानं बदललेली जमीन आपल्याकडे नाही असं नाही. रायगडाचं चित्र जवळ घेऊन पाहिलं तर माथ्यावर दगडी जोत्यांच्या दोन सरळ ओळी दिसतात. ती बाजारपेठ. १८१८ सालच्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या आणि गडावरचे वाडे जळून गेले. छपरं गेली, जोती राहिली. पन्हाळ्याचा चार दरवाजा इंग्रजांनी १८४४च्या बंडानंतर पाडला. जुलै २०२५मध्ये रायगड, पन्हाळ्यासह बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली, तेव्हा आपण पेढे वाटले. मुलांनी जयजयकार करावाच. त्याबरोबर त्या जोत्यांवर दुकान लावणारी माणसं पुढं कुठं गेली, हेही विचारावं.

त्याहून जवळची गोष्ट आपल्याच पैनगंगेची. १९४८ साली ही नदी निजामाच्या मुलखाची हद्द होती. रझाकारांच्या जाचानं कितीतरी कुटुंबं ती ओलांडून वऱ्हाडात आसऱ्याला गेली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आलं, १७ला निजाम शरण आला. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या मुसलमान कुटुंबांवरही अत्याचार झाले. केंद्र सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं त्याची नोंद केली आहे. त्या वेळी आकाशात एकही उपग्रह नव्हता. कुठलं गाव ओस पडलं, कुठली विहीर बुजली, कुणाचं रान पेरायचं राहिलं, याचं एकही चित्र मिळणार नाही. जे काही आहे ते आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे, आणि ती माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत.

आता तुमच्या शंकांकडे येतो.

भीतीचं म्हणाल तर मुलांना भीती वाटते ती अर्धवट दिसण्यानं. मे २०२५मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत आपल्या गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर काय काय फिरत होतं ते आठवा. त्या दिवसांत व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या हल्ल्याची म्हणून देशभर पाठवली जात होती. पोरांनी ती पाहिली आणि खरी मानली. वर्गात आम्ही चार गोष्टी विचारायची सवय लावतो : हे चित्र कुठलं, कोणत्या तारखेचं, कुणी दिलं, आणि आधीचं चित्र कुठं आहे? यातल्या एकाचंही उत्तर मिळालं नाही तर ते पुढं पाठवायचं नाही. ही सवय लागलेलं पोरगं सहजासहजी घाबरत नाही आणि भडकतही नाही.

चित्रावर आंधळा विश्वास ठेवायलाही आम्ही शिकवत नाही. १९९८च्या मे महिन्यात आपल्या शास्त्रज्ञांनी पोखरणला अणुचाचणी केली, तेव्हा अमेरिकेच्या टेहळणी उपग्रहांना पत्ता लागू दिला नव्हता. रात्रीची कामं, सकाळी सगळं पूर्ववत. ही गोष्ट मुलांच्या फार आवडीची. सीरियाचं उदाहरणही त्यासाठीच घेतलं. तिथलं युद्ध पेटल्यावर चार वर्षांत रात्रीचे दिवे ८३ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१५मध्ये चीनमधल्या वुहान विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रह चित्रांवरून मांडलं. मी विचारलं, दिवे का गेले असतील? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "भारनियमन असंल, सर!" सगळे हसले. पण उत्तर चुकीचं नव्हतं. वीजकेंद्र पडलं असेल, डिझेल संपलं असेल, माणसं गाव सोडून गेली असतील. अंधार एकच, कारणं अनेक. कोणतं खरं, ते तिथल्या माणसाकडूनच कळेल.

मोबाइलची काळजी करू नका. चित्रं शाळेत मोठ्या पडद्यावर पाहतो आणि घरी देतो तो छापील कागद. तुमचा फोन मागण्याचं निमित्त म्हणून पोरगं "सरांनी सांगितलंय" म्हणालं, तर ते मी सांगितलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

मार्कांचा प्रश्न बापमंडळींचा. प्रमाण, क्षेत्रफळ, टक्केवारी, नकाशावाचन, सगळं यात येतं. पुढचंही सांगतो. पीकविम्यात उत्पादनाचा अंदाज बांधायला आता उपग्रहाची माहिती वापरली जाते. नागपूरला महाराष्ट्राचं सुदूर संवेदन केंद्र आहे, हैदराबादला इस्रोचं. आपल्या रानाबद्दल वरून कुणीतरी काहीतरी ठरवणार असेल, तर ते बरोबर ठरवलं का, हे तपासणारं एक माणूस घरात असलेलं बरं.

आणि ज्यांच्या घरातलं कुणी फौजेत आहे त्यांना सांगतो, आपल्या सैन्याच्या ठाण्यांची, सरहद्दीची चित्रं आम्ही वर्गात उघडत नाही. कुठल्याही देशाच्या, धर्माच्या माणसाला शत्रू ठरवण्यासाठी हा तास नाही.

मला स्वतःला धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. इतक्या उंचीवरून माणूस दिसत नाही. पोरांना युद्ध म्हणजे रंग बदललेले ठिपके, असं वाटायला लागलं तर आमचं शिकवणं फुकट गेलं. म्हणून प्रत्येक चित्रानंतर त्यांना लिहायला सांगतो : या ठिपक्यात कोण राहत असेल, काय पिकवत असेल, आता कुठं असेल? एका मुलानं काखोव्काच्या चित्राखाली लिहिलं, "यांची मोटार नदीवर होती. मोटारीचं कर्ज फिटलं होतं का?" युक्रेनच्या त्या शेतकऱ्याला मोटारीचं कर्ज होतं की नाही, मला माहीत नाही. पण या पोराला ठिपक्यातलं माणूस दिसलं.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. रात्री जेवताना बातम्यांचा दणदणाट बंद ठेवा. त्याऐवजी पोराला विचारा, आज काय पाहिलंस. तो गप्प गप्प राहू लागला, झोपेत दचकू लागला, तर दुसऱ्याच दिवशी येऊन मला सांगा. त्याला आम्ही या तासाऐवजी दुसरं काम देऊ, त्यात कमीपणा काही नाही. दुसरं, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनी आपल्या आईबापांकडून ऐकलेल्या १९४८च्या आठवणी, ७२च्या दुष्काळाच्या आठवणी पोरांना सांगू द्या. पोरं लिहून घेतील. कुणाची जात-धर्म न काढता, काय झालं तेवढं सांगा.

तिसरं काम पालकसभेच्या दिवशी. साखऱ्याच्या शिवाराची मोठी छापील चित्रं वर्गाच्या भिंतींवर लावणार आहोत, खरिपाचं वेगळं, रब्बीचं वेगळं. आपापलं रान शोधा. मुलांनी पिकाचं नाव चुकीचं लिहिलं असेल तर खोडून बरोबर लिहा, बांध चुकला असेल तर तोही सांगा. पेन्सिली आम्ही देऊ. चष्मा तेवढा घरी विसरू नका.